अ‍ॅक्सेस सारखं बंद पडतंय, दोष शोधायचा कुठे?

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात आमचं शालेय पुस्तकांचं दुकान आहे. बिलं आणि साठा मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, अ‍ॅक्सेसमध्ये. तीन काउंटरवरून एकच फाइल उघडतो. जूनच्या गर्दीत दिवसातून दोनदा तरी अ‍ॅक्सेस बंद पडतं आणि डेटाबेसचा फॉरमॅट ओळखता येत नाही असा संदेश येतो. रिपेअर केलं की चालतं, दोन दिवसांनी पुन्हा तेच.

उत्तर : रिपेअर करण्याआधी, दर वेळी, फाइलची प्रत काढून ठेवा. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ या दुरुस्तीच्या आज्ञेला जी नोंद जुळवता येत नाही ती गळू शकते. नंतर ‘एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर’ नावाचं टेबल दिसलं, तर त्या दिवसाची बिलं छापील प्रतींवरून ताडून पाहा.

आता मूळ कारण. अ‍ॅक्सेसच्या फाइलला सर्व्हर नसतो. तिन्ही संगणक नेटवर्कवरून थेट त्याच फाइलमध्ये लिहितात. लिहिता लिहिता जोडणी क्षणभर तुटली, की फाइलचा तेवढा भाग अर्धवट राहतो. म्हणून पहिली शंका वायफायवर. एकही काउंटर वायफायवर असेल तर आजच केबल ओढून घ्या.

दुसरं काम, फाइलचे दोन भाग करा. ‘डेटाबेस टूल्स’मध्ये ‘मूव्ह डेटा’खाली ‘अ‍ॅक्सेस डेटाबेस’ आहे. टेबलं सामाईक फाइलमध्ये जातात. फॉर्म, क्वेरी आणि रिपोर्टांची फाइल प्रत्येक काउंटरच्या संगणकावर स्वतंत्र ठेवायची. टेबलांची फाइल वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका.

एवढं करूनही तोच संदेश आला, तर तंत्रज्ञाला ‘लीजिंग’बद्दल विचारा. 2018 मधल्या विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीनंतर नेटवर्कवरच्या फाइल्सच्या या सोयीमुळे अ‍ॅक्सेसच्या फाइल्स बिघडल्याच्या तक्रारी आल्या होत्या. फाइल ज्या संगणकावर आहे तिथे ही सोय बंद करता येते. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना पडदा गोठला की जिवाची कशी घालमेल होते ते मला ठाऊक आहे, म्हणून हे सगळं गर्दीच्या आधी, शांतपणे करा.

प्रश्न : भोसरीत आमचं वर्कशॉप आहे. नवीन संगणक घेतला. त्यावर जॉबकार्डचा फॉर्म उघडला की अ‍ॅक्सेस एक अक्षर न बोलता बंद होतं. जुन्या संगणकावर हीच फाइल व्यवस्थित चालते.

उत्तर : मग फाइलपेक्षा संगणकातला फरक शोधू. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन’मध्ये त्या वेळची लाल नोंद पाहा. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ असतं. तिथे प्रिंटरच्या ड्रायव्हरचं नाव दिसलं तर डिफॉल्ट प्रिंटर बदलून बघा. ‘व्हीबीई7’ असेल तर फॉर्ममागच्या कोडकडे वळा.

माझा अंदाज कोडचाच आहे. ऑफिस 2019 पासून इन्स्टॉलेशन आपोआप 64 बिटचं होतं. त्यात विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या जुन्या ‘डिक्लेअर’ ओळींना ‘पीटीआरसेफ’ लागतं. ते नसेल तर कंपाइलची चूक तरी दिसते. पण कुणी नुसतं ‘पीटीआरसेफ’ जोडून पॉइंटर (मेमरीतले पत्ते) ‘लाँग’मध्येच ठेवले असतील, तर अ‍ॅक्सेस असंच गुपचूप पडतं. तिथे ‘लाँग-पीटीआर’ हवं. कोड स्वच्छ निघाला, तर कोरी फाइल घेऊन जुन्यातलं सगळं तिच्यात इम्पोर्ट करा. बिघडलेला कंपाइल्ड कोड त्यामुळे मागेच राहतो.

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा मी सचिव. हिशेब लिब्रेऑफिस बेस या मोफत डेटाबेस प्रोग्राममध्ये ठेवतो. गुरुवारी वीज गेली आणि सकाळपासून भरलेल्या मेंटेनन्सच्या पावत्या नाहीशा झाल्या. फॉर्ममध्ये तर मी प्रत्येक नोंद सेव्ह केली होती.

उत्तर : सचिवसाहेब, तुमची चूक नाही; बेसची ही रचनाच फसवी आहे. ‘ओडीबी’ फाइल म्हणजे एक झिप असते. आतला डेटाबेस ‘एचएसक्यूएलडीबी’ असेल तर नोंद सेव्ह झाली तरी ती त्या झिपमध्ये जात नाही, फाइल सेव्ह केल्यावरच जाते. दर दहा नोंदींनंतर मुख्य खिडकीत कंट्रोल-एस दाबा आणि एक छोटा यूपीएस घ्याच. फाइल उघडतच नसेल तर तिची प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटचं ‘ओडीबी’ बदलून ‘झिप’ करा आणि ती उघडा. आतल्या ‘डेटाबेस’ फोल्डरमध्ये काही सापडू शकतं.

प्रश्न : आमच्या अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये सभासदांचे फोटो आहेत. आता नवीन नोंदच होत नाही.

उत्तर : आकार पाहा. अ‍ॅक्सेसची मर्यादा 2 जीबी आहे. फोटो फोल्डरमध्ये काढा, टेबलात फक्त त्यांचा मार्ग लिहा, मग कॉम्पॅक्ट करा. नुसते फोटो पुसून फाइल लहान होत नाही.