एकच कोर्स, शेवटपर्यंत

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

फिजिक्सच्या ऑनलाइन कोर्सांची तुझी यादी मिळाली. एमआयटी, येल, स्टॅनफर्ड, आयआयटी मद्रास, आयआयटी कानपूर. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्वतःच्या स्वतः एवढं हुडकून काढलंस, कौतुक आहे. पण सगळ्यांतलं थोडंथोडं बघून झालंय आणि पुरा एकही झाला नाही, हेही तूच लिहिलंयस. तेव्हा यादी बाजूला ठेव आणि एक कोर्स धर.

माझं मत विचारशील तर येलच्या राममूर्ती शंकर यांचा ‘फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स’. 2006 साली चालू वर्गात चित्रित केलेला. पहिल्या भागात 24 लेक्चरं, प्रत्येक साधारण सव्वा तासाचं: न्यूटन, ऊर्जा, फिरणाऱ्या वस्तू, सापेक्षता, लहरी, उष्णता. वीज-चुंबकत्व, प्रकाश आणि क्वांटम दुसऱ्या भागात. शंकर स्वतः आयआयटी मद्रासचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, फिजिक्सकडे नंतर वळले. त्यांचं इंग्रजी आपल्या कानाला परकं वाटत नाही.

आयआयटी मद्रासच्या बालकृष्णन सरांची एनपीटीईएलवरची (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांच्या साइटवरची) लेक्चरं याहून खोल आहेत, पण ती अंतिम वर्षासाठी राखून ठेव. आत्ता बसलीस तर पहिल्याच आठवड्यात आपण मठ्ठ आहोत असं वाटायला लागेल, आणि ते खरं नाही. स्टॅनफर्डच्या ससकिंडना रविवारी दुपारी ऐक. ती व्याख्यानं मुळात नोकरी-धंदा सांभाळून हौसेनं शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होती. ऐकायला सुरेख, पण सोबत सोडवायला काही नाही.

आणि सोडवणं हाच खरा मुद्दा आहे. येल, एमआयटीसारख्या विद्यापीठांनी लेक्चरांबरोबर प्रश्नसंच, त्यांची उत्तरं आणि परीक्षेचे पेपरही फुकट ठेवलेत. एमआयटीने तर 2001 सालीच आपलं शिकवण्याचं साहित्य जगाला मोकळं करायचं जाहीर केलं होतं. पण मुलं व्हिडिओ बघतात आणि ती पीडीएफ उघडतसुद्धा नाहीत. कुस्तीच्या मैदानात पुढच्या रांगेत बसून कुणी पैलवान झालेला ऐकलायस?

इंग्रजीची काळजी तू जास्त करतेस. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळं इंग्रजीत. खानापूर, निपाणी, बेळगाव, सगळीकडच्या आपल्या पोरांचं हेच रडगाणं. पण महिन्याभरात कान तयार होतो, कारण फिजिक्समध्ये तेच तेच शब्द फिरून येतात. येलच्या साइटवर प्रत्येक लेक्चर शब्दन्‌शब्द लिहून ठेवलंय. ते आदल्या रात्री वाच आणि मग व्हिडिओ लाव.

अडेल ते कॅल्क्युलसला. आणि त्याहून जास्त, सीईटीने, बारावीनंतरच्या त्या प्रवेशपरीक्षेने, लावलेल्या सवयीला. एका विषयाला 60 प्रश्न, 80 मिनिटं, चुकलं तरी गुण वजा नाहीत. पर्याय खोडायचे, उरेल तिथे गोळा काळा करायचा. दोन वर्षं तुझ्याकडून हेच करून घेतलं. आता समोर असा प्रश्न येईल की त्याला पर्यायच नाहीत आणि एकाला अख्खी संध्याकाळ जाईल. ती संध्याकाळ वाया गेली असं समजू नकोस.

प्रश्न कसा पुढे न्यायचा ते एका उदाहरणात दाखवतो. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर उंच. हवेचा विरोध सोडून दिला तर पाणी 3.3 सेकंदांत खाली येतं आणि तळाला वेग सेकंदाला 32 मीटर, म्हणजे ताशी 115 किलोमीटर होतो. हे पीयूसीचं गणित झालं, इथे थांबू नकोस. एक किलो पाणी पडताना सुमारे 510 ज्यूल ऊर्जा मिळवतं. ती सगळी उष्णतेत गेली तर पाणी किती तापेल? एक किलो पाणी एक अंश तापायला 4186 ज्यूल लागतात, म्हणून 4186 ने भाग: 0.12 अंश. आता स्वतःलाच विचार, कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरवर हे दिसेल का? नाही, त्यावर एकेक अंशाच्या रेघा असतात. बरं, बारीक थर्मामीटर मिळाला तर? तरीही पंचाईत आहे. उडणाऱ्या तुषारांतून पाण्याची वाफ होते आणि एक ग्रॅम वाफ व्हायला 2400 ज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे किलोमागे पाव ग्रॅमसुद्धा वाफ झाली तरी पडण्याने आलेली सगळी ऊब गेली. पाणी उलट गार होऊन खाली पोचेल. एका साध्या प्रश्नातून इथवर यायला पुस्तक फारसं लागत नाही. ‘बरं, मग?’ असं स्वतःला विचारत राहावं लागतं.

लेक्चर चालू असताना शंकर फळ्यावर समीकरण मांडतात, तिथे व्हिडिओ थांबव आणि पुढची ओळ तू लिही. मग चालू कर. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच डेरिव्हेशन न बघता कर. अडलं तर जिथे अडलं तेवढाच तुकडा पुन्हा बघ, सगळं लेक्चर नको.

तुझ्या हॉस्टेलमधल्या त्या कन्नड मैत्रिणीला बरोबर घे. तू तिला मोडक्या कन्नडात समजाव, तिने तुला मोडक्या मराठीत. मोडक्या भाषेत पाठ केलेली वाक्यं उपयोगी पडत नाहीत, जे कळलंय तेवढंच सांगता येतं. आपल्याकडे भाषेवरून भांडायला माणसं पुष्कळ आहेत, ते काम त्यांच्यावर सोड.

व्हिडिओत प्रॅक्टिकल मिळत नाही. म्हणून घरी एक कर: दोऱ्याला जड नट बांध, एक मीटर लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोज आणि तुळईला टांग. झोका लहान ठेव. एकाच झोक्याची, म्हणजे जाऊन परत येण्याची, वेळ मोबाइलवर घेतलीस तर बोटाची 0.2 सेकंदाची चूक दोन सेकंदांत मिसळते, म्हणजे दहा टक्के, आणि ‘g’ मध्ये, म्हणजे त्यावरून काढलेल्या गुरुत्व त्वरणात, ती वीस टक्के होते. सलग 20 झोके मोज, 40 सेकंदांच्या आसपास येतील. चूक तेवढीच, पण ‘g’ एका टक्क्यात येतो. आपल्या भागात 9.78 च्या जवळ यायला हवा. जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या वहीतून आकडे उतरवणाऱ्यांना हे कधी कळत नाही. तू तसलं करू नकोस, वर्गात सगळे करत असले तरी.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो. एमआयटीच्या एका अतिशय गाजलेल्या प्राध्यापकाची लेक्चरं संस्थेने 2014 मध्ये आपल्या साइटवरून काढली, कारण ऑनलाइन शिकणाऱ्या एका स्त्रीचा त्यांनी लैंगिक छळ केल्याचं चौकशीत आढळलं. पडद्यावरचा माणूस कितीही छान शिकवत असला तरी त्याचे खाजगी मेसेज यायला लागले, तर उत्तर देऊ नकोस आणि गप्पही बसू नकोस. घरी सांग, मला सांग.

सर्टिफिकेटचं विचारलंस. एनपीटीईएलचा कोर्स शिकायला फुकट, परीक्षेला फी. त्यात 25 टक्के असाइनमेंटचे, 75 टक्के परीक्षेचे. हवं तर एखादं घे, पण त्याच्या मागे लागू नकोस. एमएस्सीला आयआयटीत जायचं तर फेब्रुवारीतली जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिच्यात 20 प्रश्न असे असतात की पर्याय नाहीत, आकडा काढून भरायचा. वरची सगळी मेहनत तिथे कामाला येते, सर्टिफिकेट कुणी विचारत नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाते हे मला माहीत आहे. आठवड्याची लेक्चरं सोमवारी कॉलेजच्या वायफायवर उतरवून घे. व्हिडिओची क्वालिटी 360 वर ठेवली तरी फळा वाचता येतो.

आठवड्याला दोन लेक्चरं आणि एक प्रश्नसंच, यापेक्षा जास्त नको. कॉलेजची परीक्षा आली की महिनाभर हे बंद ठेव. नापास होऊन येल शिकण्यात काही अर्थ नाही. पहिल्या प्रश्नसंचाच्या वहीचे फोटो पाठव, खाडाखोडीसकट. सुंदर अक्षरात उतरवून काढलेलं मला नको आहे, कुठे अडलीस ते त्यात दिसत नाही.

घरच्यांना नमस्कार सांग.

तुझे सर