नेटवर्कवाल्यांचे प्रश्न: चार मिनिटांनी टीव्ही का गोठतो?

प्रश्न: नमस्कार सर, महाबळेश्वरला आमचं ५२ रूमचं हॉटेल आहे, नेटवर्क मीच बघतो, शिकलोय सगळं व्हिडिओ बघून. चॅनल सोडणारा एन्कोडर व्हीलॅन २० मध्ये आणि रूममधले टीव्ही व्हीलॅन ३० मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क). ४० चॅनल, प्रत्येकी साधारण ४ एमबीपीएस, पत्ते २३९.०.०.१ पासून पुढे. व्हीलॅन ३० मध्ये काहीच दिसत नाही. टेस्टसाठी एक टीव्ही व्हीलॅन २० मध्येच लावला तर चालतो पण चार-साडेचार मिनिटांनी चित्र गोठतं, चॅनल बदलून परत आलो की पुन्हा तेवढाच वेळ. आयजीएमपी स्नूपिंग बंद केलं तर गोठत नाही पण चौकोन चौकोन दिसतात. काय करू?

उत्तर: आधी ती चार मिनिटं बघू, कारण निम्मा रोग तिथेच आहे. स्नूपिंग म्हणजे कुठल्या पोर्टवरच्या टीव्हीने कुठला चॅनल मागितला हे स्विच कान देऊन ऐकतो आणि तेवढ्याच पोर्टला तो चॅनल देतो. पण ही नोंद कायमची नसते हो, बऱ्याच स्विचवर डिफॉल्ट २६० सेकंद. मधेमधे, साधारण दर १२५ सेकंदांनी, कुणीतरी "अजून बघताय का?" असं विचारावं लागतं, टीव्ही "हो" म्हणतो आणि नोंद ताजी होते. हा विचारणारा म्हणजे क्वेरिअर, आणि तुमच्याकडे तो कुणीच दिसत नाही. टीव्हीने सुरुवातीला एकदा हात वर केला, पुढे कुणी हजेरीच घेतली नाही, स्विचने नाव कापलं. २६० सेकंद म्हणजे ४ मिनिटं २० सेकंद, घड्याळ लावून बघा.

स्नूपिंग बंद केलं की ४० च्या ४० चॅनल प्रत्येक पोर्टवर ओतले जातात, म्हणजे १६० एमबीपीएस, आणि टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० चंच असतं, मग चौकोन दिसणार नाहीत तर काय. ते परत चालू करा आणि चालूच ठेवा.

आता व्हीलॅन ओलांडायचं. स्नूपिंगचा याच्याशी काही संबंध नाही, इथे बरेच जण फसतात. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात मल्टिकास्ट (एकच प्रवाह, मागणाऱ्या सगळ्यांना) न्यायला राउटिंग लागतं, म्हणजे लेअर ३ स्विचवर (जो राउटिंगही करतो) मल्टिकास्ट राउटिंग चालू करायचं आणि पिम स्पार्स मोड (मल्टिकास्टची वाट ठरवणारा प्रोटोकॉल, मागणी असेल तिथेच चॅनल नेणारा) दोन्ही व्हीलॅनच्या इंटरफेसवर लावायचा. दोन्ही म्हणजे दोन्ही! टीव्हीच्या बाजूला लावून एन्कोडरची बाजू विसरलेले मी खूप पाहिलेत (एकदा मी स्वतः, आणि अख्खी दुपार गेली). स्पार्स मोडला आरपी लागतो, म्हणजे चॅनल सोडणारा आणि मागणारा यांची गाठ घालून देणारा राउटर. तुमचा एकच कोअर (मुख्य) स्विच असेल तर आरपी म्हणून त्याचाच लूपबॅक (स्विचच्या आतला आभासी इंटरफेस) पत्ता द्या, त्या लूपबॅकवरही पिम लावा. काही स्विचवर पिम वरच्या लायसन्समध्येच मिळतं, तेवढं आधी तपासा. आणि पिम लावलं की तो इंटरफेस आपोआप क्वेरिअरचंही काम करतो, म्हणजे हजेरीचा प्रश्न तिथेच मिटतो.

एवढं करूनही व्हीलॅन ३० कोरडंच राहिलं तर एन्कोडरचा टीटीएल बघा, म्हणजे पॅकेटने किती राउटर ओलांडायचे त्याचा आकडा. बऱ्याच उपकरणांत तो १ असतो, आणि राउटिंग करताना एक कमी झाला की शून्य, पॅकेट तिथेच मेलं. १६ करा. त्यानंतर एन्कोडरचा आयपी बघा. फॅक्टरीतून आलेला १९२.१६८.१ वालाच पत्ता ठेवलेला असेल आणि व्हीलॅन २० चा सबनेट (पत्त्यांची रेंज) दुसरा असेल, तर एकाच व्हीलॅनमध्ये टीव्ही मस्त चालतो पण राउटर म्हणतो हा सोर्स या बाजूने यायलाच नको होता आणि गुपचूप फेकून देतो. याला आरपीएफ चेक म्हणतात, लॉगमध्ये सहसा काही दिसतही नाही म्हणून माणूस वेडा होतो.

राहिले तुमचे २३९.०.०.१ वाले पत्ते, ते बदला. मल्टिकास्ट आयपीचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून पॅकेट ओळखतो तो पत्ता) जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या ग्रुपचा (ग्रुप म्हणजे एकेका चॅनलचा मल्टिकास्ट पत्ता) मॅक एकच होतो. तुमचे ग्रुप नेमके २२४.०.०.१ वगैरे राखीव पत्त्यांशी जुळतात, आणि मॅकवरून काम करणारे स्विच ते सगळ्या पोर्टवर सोडतात. २३९.१०.१०.१ पासून सुरू करा. एका पोर्टला एकच टीव्ही असेल तर इमिजिएट लीव्हही लावा (टीव्हीने चॅनल सोडला की स्विच तो लगेच बंद करतो), चॅनल भराभर बदलले तरी जुने मागे साचत नाहीत.

प्रश्न: आमच्या लॉजवर गेस्टच्या मोबाइलमध्ये कास्टचा आयकॉनच येत नाही. वायफाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहे. पिम लावलं तर येईल का?

उत्तर: नाही येणार. मोबाइल टीव्हीला शोधतो ते एमडीएनएसने (आपल्याच नेटवर्कमध्ये "कोण कोण आहे?" अशी हाक मारायची पद्धत), पत्ता २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते राउटरने पुढे न्यायचेच नाहीत असा नियम आहे, तुम्ही काहीही कॉन्फिगर करा. त्यासाठी वायफाय कंट्रोलरमधला एमडीएनएस गेटवे वापरा, किंवा दोन्ही व्हीलॅनमध्ये पाय असलेल्या लिनक्स मशीनवर अवाही नावाचा प्रोग्राम टाकून त्याचा रिफ्लेक्टर चालू करा, तो एका व्हीलॅनमधली हाक दुसऱ्यात पोचवतो. टीव्ही सापडल्यानंतरचं बोलणं मात्र साधं युनिकास्ट, म्हणजे एकाचं एकाशी असतं, त्यामुळे फायरवॉलमध्ये मोबाइलकडून टीव्हीकडे वाट मोकळी ठेवा. फक्त एक, साधा रिफ्लेक्टर सगळ्यांना सगळे टीव्ही दाखवतो, लॉजसाठी रूमप्रमाणे वाटणी करणारा गेटवेच बघा, नाहीतर १०४ मधला पाहुणा १०७ च्या टीव्हीवर मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ लावेल आणि फोन रिसेप्शनला येईल.