सचिन पिळगावकर किशोरवयात हिंदीत नायक झाले, मग पुढे मराठीत दिग्दर्शनाकडे का वळले?

किशोरवयीन नटाची अडचण चेहऱ्याची असते. पंचविशी आली तरी तो कोवळाच दिसतो. सचिन यांचा जन्म १९५७चा. १९६३मध्ये 'हा माझा मार्ग एकला'त ते बालकलाकार होते. १९७५मध्ये 'गीत गाता चल'चे नायक आणि त्याच वर्षी 'शोले'तला अहमद. सत्तरच्या दशकातल्या मारधाडीच्या लाटेत या चेहऱ्याला वाव कमीच. १९८२चा 'नदिया के पार' गाजला, पण भूमिका पुन्हा गावाकडच्या साध्या पोराचीच.

त्याच वर्षी 'मायबाप'पासून त्यांनी मराठीत दिग्दर्शन सुरू केलं. कॅमेऱ्यामागे गेलं की भूमिका स्वतःच्या मापाने बेतता येते. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) त्यांचा सुधीर बाईच्या वेशात सुधा होतो, तिथे तोच गुळगुळीत चेहरा कामी आला! वयाला साजेशी वजनदार भूमिका मात्र फार उशिरा, २०१५च्या 'कट्यार काळजात घुसली'त, खाँसाहेबांची.