वाचकांचे प्रश्न : रिंगणातली दुसरी गाडी

या वेळचे प्रश्न अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या वाचकांचे आहेत आणि सगळे एकाच विषयावर आहेत. 'प्लेझर ड्रायव्हिंग' या घोडागाडी हाकण्याच्या स्पर्धेच्या क्लासमध्ये (एका गटाच्या फेरीत) आठ-दहा घोडागाड्या एका रिंगणात एकाच वेळी फिरतात. परीक्षक मध्ये उभे राहून घोड्याची चाल, हाकणाऱ्याचा हात आणि साज पाहतात. ही वेळेची शर्यत नसते, तरी शेजारच्या गाडीमुळे आपला घोडा बिथरतो ही तक्रार सर्वांत जास्त येते.

माझी मॉर्गन घोडी घरी, रस्त्यावर, अगदी ट्रॅक्टरशेजारूनही शांत चालते. पण क्लासमध्ये एक स्पर्धक मागून वेगात येतात आणि चाकाला चाक लागेल इतक्या जवळून पुढे जातात. घोडी ट्रॉट (दुडकी चाल) मोडून कँटरवर (हलक्या दौडीवर) जाते. मी लगाम आवळते, तर आणखी बिघडते. काय करावे? (एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

तुमच्या घोडीला झापडं आहेत. मागून येणारी गाडी तिला दिसत नाही, फक्त वाढत जाणारा आवाज ऐकू येतो. ट्रॅक्टर तिला समोरून येताना दिसतो, म्हणून तो चालतो. आवाज पाठीमागे वाढला की पळायचं, ही घोड्याची उपजत बुद्धी. नेमक्या त्याच क्षणी तुमचा हात आवळला की तोंडातला बिट, म्हणजे लगामाची सळी, तिला सांगतो, 'हो, खरंच काहीतरी आलंय.' म्हणून आवळल्यावर बिघडतं. लगाम सैल सोडणं हाही उपाय नाही, कारण मग तिला आधारच उरत नाही. हातातला ताण आधी होता तेवढाच ठेवायचा.

ती गाडी साधारण १५ मीटर मागे असतानाच कामाला लागा. श्वास सोडा, खांदे खाली घ्या, घोडीचं नाव घ्या. मग आतल्या (रिंगणाच्या मध्याकडच्या) लगामाला करंगळीएवढी हलकी ओढ द्या, म्हणजे पकडून लगेच सोडा, की तिचं नाक किंचित आत वळेल. त्याच वेळी चाबकाची दोरी छातीपट्टा आणि पाठीवरचं पॅड यांच्यामध्ये, आतल्या बाजूला, नुसती टेकवा. मारायचं नाही. मान थोडी वळलेली आणि कान तुमच्याकडे असलेला घोडा सरळ ताणलेल्या घोड्यापेक्षा उशिरा पळतो. कान मागे-पुढे हलत असतील तर ती तुमचं ऐकते आहे. दोन्ही कान मागच्या आवाजावर खिळले असतील तर तुम्हाला उशीर झालाय. तेव्हा ट्रॉट वाचवायचा हट्ट सोडा, चालीवर (साध्या चालण्यावर) या आणि ट्रॉट पुन्हा उचला. कँटरवर गेलेल्या घोड्याशी झगडताना दिसण्यापेक्षा हे परीक्षकांना केव्हाही बरं वाटतं.

हाताइतकंच महत्त्व जागेला आहे, आणि नवे स्पर्धक इथेच कमी पडतात. समजा रिंगण ४० बाय ८० मीटरचं आहे. तुम्ही ताशी १३ किलोमीटरच्या वर्किंग ट्रॉटवर आहात आणि मागचे स्पर्धक ताशी १६ वर. सेकंदाला ते जेमतेम ८० सेंटिमीटर जवळ येतात. म्हणजे ४० मीटर मागे असलेली गाडी तुम्हाला गाठायला ५० सेकंदांच्या आसपास घेते. पाऊण मिनिटाची ही सूचना फुकट मिळते, पण त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यावर मागे नजर टाकायची सवय हवी. मान वळवून, शरीर न वळवता.

मग ठरवायचं, त्यांना कुठे पुढे जाऊ द्यायचं. लांब बाजूच्या सुरुवातीला दिलेलं बरं. तिथे तुम्ही कठड्याला धरून सरळ असता आणि ते आतून जातात. कोपऱ्यात देऊ नका. वळताना त्यांची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत चालतात, गाडी तिरपी असते आणि दोघांमधली जागा अंदाजापेक्षा लवकर बदलते. ते कोपऱ्यातच गाठणार असं दिसलं तर दोन वाटा आहेत. तुमच्या घोडीचा वेग पुरत असेल तर कोपरा छाटा. १० मीटर त्रिज्येने वळलात तर काटकोनातल्या २० मीटरऐवजी १५.७ मीटर चालावं लागतं, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला चार मीटरहून जास्त वाचतात. दोन कोपऱ्यांत आठ मीटर झाले आणि तोवर तुम्ही सरळ बाजूला आलात. नाहीतर उलट करा. कोपऱ्यात अगदी कठड्यापर्यंत खोल जा आणि आतली वाट मोकळी ठेवा.

तिसरा उपाय वर्तुळाचा. २० मीटर व्यासाचं वर्तुळ ६३ मीटरचं होतं, वर्किंग ट्रॉटला सतरा-अठरा सेकंद लागतात. ते संपेपर्यंत पुढे निघून गेलेली गाडी तुम्हाला घाबरवू शकत नाही. पण वर्तुळ आत वळून घ्यायचं असतं, म्हणून आतल्या खांद्यावरून मागे पाहिल्याशिवाय लगाम हलवू नका, आणि मागची गाडी १५ मीटरच्या आत आली असेल तर वर्तुळ विसरा. क्लासआधी स्टुअर्डना (रिंगणाची व्यवस्था पाहणाऱ्यांना) एकदा विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी जागा करण्यासाठी घेतलेलं वर्तुळ चालतं, पण काही छोट्या शोमध्ये त्याबद्दल वेगळी सूचना असते. वर्तुळ घेताना परीक्षक आणि दुसरी गाडी यांच्या मध्ये थांबू नका, ते दुसऱ्याचं काम झाकणं ठरतं.

घरची तयारी हे खरं औषध. गाडी न जोडता, घोडीला लांब लगामांवर चालवत सुरू करा. मदतनीस पत्र्याचे डबे बांधलेली ढकलगाडी किंवा सायकल घेऊन पुढे चालेल आणि घोडी आवाजाच्या मागे जाईल. आवाजाचा पाठलाग करणारा घोडा आवाजाला घाबरत नाही, हा पाया. मग तोच आवाज बाजूला, १० मीटरवर. मग मागे, २० मीटरवर. एका दिवशी एकच गोष्ट वाढवा. अंतर कमी केलं तर वेग नाही, वेग वाढवला तर अंतर नाही. सगळं शांत झाल्यावर गाडी जोडा आणि दुसरी खरी गाडी आणा. चालीवर ६ मीटरवरून, मग ३ मीटरवरून, मग हाच क्रम ट्रॉटवर. वीस मिनिटं पुरे. तिनं डोकं खाली घेऊन फुरफुरलं की तिथेच थांबा. घाई करणारे थेट शेवटच्या पायरीवर जातात आणि जोडलेल्या गाडीसकट घोडा उधळतो. ते एकदा झालं की घोड्याच्या डोक्यात मागचा आवाज आणि पाठीला लागलेली गाडी एकच होते, आणि मग कामाला महिने लागतात.

आमच्या क्लासमध्ये एकजण जिभेनं इतक्या मोठ्यानं 'टक टक' करतात आणि 'व्हो' (थांब) ओरडतात की माझा हाफ्लिंगर घोडा त्यांचंच ऐकतो. ते पळवतात तेव्हा हा पळतो, ते थांबवतात तेव्हा हा थांबतो. (एक वाचक, ओंटारिओ)

घोडा चुकत नाहीये. त्याला शिकवलेले आवाज तो पाळतोय, फक्त बोलणारा दुसरा आहे. त्या गृहस्थांना गप्प करण्यापेक्षा तुमचे आवाज बदलणं सोपं आहे, आणि मराठी बोलणाऱ्याला तर हे अगदी हाताशी आहे. पुढे जायला 'चल', मंद व्हायला लांबवलेलं 'हळूऊ'. एक तुटक, एक ताणलेला, दोन्ही एकमेकांपासून दूर, आणि त्या रिंगणात तुमच्याशिवाय ते कोणी उच्चारणार नाही. घोड्याला भाषा नसते, लय असते.

शिकवताना क्रम उलटा करू नका. आधी नाव, मग नवा शब्द, आणि सेकंदाच्या आत जुना इशारा, म्हणजे टकटक किंवा लगामाचा स्पर्श. तो नव्या शब्दावरच हलायला लागला की जुना इशारा गाळा. टकटक पूर्ण बंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या टकटकीला अर्थ उरतोच. नाव पहिलं घेण्याची सवय कडक ठेवा. नावाशिवाय आलेला आवाज आपला नाही, हे त्याला कळायला हवं. त्यासाठी घरी मदतनिसाकडून बाजूला उभं राहून टकटक करवा आणि चाल बदलली नाही की शाबासकी द्या.

'व्हो' मात्र बदलू नका. अपघाताच्या वेळी तुमच्या घोड्याच्या तोंडाशी जो कोणी धावेल, तो हाच शब्द उच्चारेल. दुसऱ्याच्या 'व्हो'वर तो थांबला तर निदान कोणाला इजा होत नाही. तेवढी किंमत मोजावी असं आमचं ठाम मत आहे.

परीक्षकांसमोर रांगेत उभं राहताना शेजारचा घोडा सतत पाय आपटतो, मागे सरकतो. माझा उभा राहत नाही आणि रिव्हर्सची पाळी येते तेव्हा वाकडा जातो. (एक वाचक, यॉर्कशर)

रांगेत शिरताना जागा तुम्ही निवडता, हे लक्षात ठेवा. त्या घोड्याच्या शेपटीला लाल रिबीन असेल तर तो लाथ मारतो. हिरवी असेल तर नवखा आहे. दोघांपासूनही चार मीटर दूर, शक्यतो रांगेच्या टोकाला थांबा. चाकं सरळ करून थांबा, म्हणजे रिव्हर्सचं निम्मं काम झालं. वळलेल्या पुढच्या चाकांवर मागे ढकललेली गाडी वाकडीच जाणार, त्यात घोड्याचा दोष नाही. घोड्याच्या पुठ्ठ्यावरचा (मांड्यांमागचा) पट्टाही तपासा. तो फार सैल असेल तर मागे रेटताना गाडी उशिरा ढकलली जाते आणि घोडा गोंधळतो. पट्टा आणि मांडी यांच्यात हाताची रुंदी बसावी. तीन-चार पावलं मागे, मग तेवढीच पुढे. शेजारचा चुळबुळत असेल तर परीक्षक तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत घोड्याला रिकामा उभा ठेवू नका. लगामातून हलकं बोलत राहा.

आमचा मिनिएचर घोडा ३४ इंचांचा. सरावाच्या मैदानात मोठ्या घोड्यांच्या जोड्या इतक्या जवळून जातात की मुलगी हाकायलाच घाबरते. (एक वाचक, न्यू जर्सी)

उंच बग्गीवरून हाकणाऱ्याला समोरच्या जोडीच्या डोक्यांपलीकडची छोटी गाडी खरोखर दिसत नाही. त्यामुळे वाट सोडण्याची अपेक्षा ठेवू नका, आवाज द्या. समोरून येणाऱ्याशी डावा खांदा डाव्या खांद्याला ठेवून जायची पद्धत बहुतेक सराव-मैदानांत असते. पुढे जाताना 'इनसाइड' असं मोठ्यानं सांगा. तिच्या गाडीत शेजारी जाणतं मोठं माणूस असू द्या आणि डोक्यावर हेल्मेट, ते काही झालं तरी. मोठ्या घोड्यांच्या क्लासनंतर मैदान रिकामं असतं, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं सराव पुरतो. आयोजकांकडे छोट्या घोड्यांसाठी वेगळी वेळ मागायला मुळीच संकोच करू नका. ही सुरक्षेची मागणी आहे.

अशा स्पर्धकाची तक्रार करावी का? परीक्षकांना आपणच रडके वाटू का? (नाव नको)

क्लास चालू असताना परीक्षकांशी बोलायला जाऊ नका. धोका असेल तर मध्यावर या, चालीवर, स्टुअर्डपाशी थांबा आणि बाहेर जायची परवानगी मागा. त्यात काहीही कमीपणा नाही. क्लासनंतर आधी त्या व्यक्तीशी एकदा सरळ बोला: 'माझी घोडी मागच्या आवाजाला बिथरते, पुढे जाताना तीन मीटर सोडाल का?' बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यानंतरही तेच घडलं तर शोच्या समितीकडे लेखी द्या. क्लासचा क्रमांक, रिंगणाची कुठली बाजू, काय घडलं, एवढंच. हेतूविषयी काही लिहू नका.

गुणांची विभागणी पाहिली तर धीर येईल. अमेरिकन ड्रायव्हिंग सोसायटीच्या नियमांत वर्किंग क्लासला ७० टक्के गुण घोड्याची कामगिरी, वागणं आणि चाल यांना असतात. रीन्समनशिपला (हाकण्याच्या कौशल्याच्या क्लासला) मात्र ७५ टक्के गुण हाकणाऱ्याचा हात, चाबूक, ताबा आणि बसणं यांना आहेत. त्रासदायक शेजाऱ्यासमोर शांत राहिलेला हात या दुसऱ्या क्लासमध्ये थेट गुण मिळवतो. अस्वस्थ घोड्यासाठी सुरुवात तिथून करा.

स्वतःकडेही पाहा. पुढे गेल्यावर मागच्या घोड्याच्या नाकासमोर लगेच कठड्याकडे वळणारे पुष्कळ असतात. एका घोड्याची गाडी साधारण साडेचार मीटर लांब धरा. अशा दोन लांबी मोकळ्या झाल्याशिवाय कठड्यावर परत येऊ नका.

रिंगणात एखादा घोडा उधळला तर बाकीच्यांनी नेमकं काय करायचं? (एक वाचक, व्हर्जिनिया)

थांबायचं. सगळ्यांनी, लगेच. गाडीत मदतनीस असेल तर तो उतरून आपल्या घोड्याच्या तोंडाशी जातो, हाकणारा लगामासकट जागेवरच राहतो. आधी मदतनीस, शेवटी हाकणारा, हा उतरण्याचा क्रम कधीही बदलत नाही. उधळलेल्या गाडीच्या मागे जाऊ नका. पाठलागाने ती आणखी पळते. तिला वळायला जागा ठेवा, दार बंद राहू द्या. तुमचा घोडा उभा राहतच नसेल तर त्याला छोट्या वर्तुळात चालवा, उधळलेल्या गाडीपासून दूर.

गाडी जोडलेली असताना घोड्याची लगामपट्टी (झापडं असलेला डोक्यावरचा साज) कधीच काढू नका, ती सरकलेली, तुटलेली असली तरी. झापडं गेली की इतका वेळ न दिसलेली गाडी त्याला अचानक पाठीशी दिसते. स्पर्धेत या चुकीला बाद करतात, आणि ते योग्यच आहे. आधी मदतनिसानं तोंड धरायचं, मग गाडी सोडायची. सोडताना पुठ्ठ्याचा पट्टा आधी, गाडी ओढणारे दोन लांब पट्टे शेवटी. जोडताना बरोबर याच्या उलट.