ताऱ्यांपलीकडची वाट

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला. घरी कोरडवाहू कापूस. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायचे आहेत. बाबा म्हणतात, त्यानं पोट भरते का? – एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भरतं गं. पीएच.डी. करताना दरमहा फेलोशिप मिळते, हे बाबांना आधी सांग. मीही आर्वीकडची, कापूस वेचून शाळा गाठणारी. आता ताऱ्यांचा प्रकाश मोजते. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर प्रकाश जेमतेम १ टक्का घटतो. पृथ्वीएवढा गेला, तर टक्क्याचा शंभरावा भागही नाही. ती घट ठरल्या वेळी पुन्हा दिसली, की माझी झोपच उडते! मेयर आणि केलोझ या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये वेगळ्या रीतीनं, ग्रहाच्या ओढीनं तारा किंचित डुलतो त्यावरून, असा ग्रह शोधला, २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तसं काम आपल्याकडे राजस्थानात माउंट अबूच्या गुरुशिखरावरच्या वेधशाळेत चालतं.

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित घे, मग एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा दे. पायथन ही संगणकाची भाषा मात्र आत्ताच शिक. नासाच्या ‘टेस’ या अवकाश दुर्बिणीनं घेतलेली ताऱ्यांच्या प्रकाशाची मोजमापं सगळ्यांना फुकट मिळतात. स्वतःची दुर्बीण इतक्यात घेऊ नकोस. ते पैसे फीला ठेव.