प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या ट्रेडमिलला शॉक ग्रिड लागतेच का?

लागतेच असं नाही. शॉक ग्रिड म्हणजे पट्ट्याच्या मागच्या टोकाला असलेल्या, विजेचा झटका देणाऱ्या सळया. मागे सरकलं की सौम्य झटका बसतो, म्हणून उंदीर पळत राहतो. पण झटक्याच्या ताणानं कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं हार्मोन) वाढतं. मग मोजताय तो परिणाम व्यायामाचा की भीतीचा, कसं ठरवणार? आम्ही मागे मऊ ब्रश धरतो. शेपटीला केस टोचले की गडी निघाला!

आधी आठवडाभर सवय मात्र हवीच: पहिल्या दिवशी पट्टा बंद, मग रोज दहा मिनिटं, मिनिटाला ५ ते १० मीटर. काही जण तरीही ढिम्म बसतात. त्यांना कधी वगळायचं ते आधीच लिहून ठेवा. वेग नि वेळ काटेकोर नको असेल तर पिंजऱ्यात चाक लावा, रात्रीत आपणहून काही किलोमीटर पळतात.