एमिली कार : वर्ग, भाडेकरू आणि रेडिओ

आपण विचारले आहे की, कॅनडाच्या चित्रकार एमिली कार (१८७१–१९४५) यांची वर्षे मुलांना शिकवण्यात, भाडेकरू सांभाळण्यात आणि उतारवयात रेडिओवरच्या गोष्टींत गेली, तर त्यांच्यातल्या चित्रकाराचे नुकसान झाले का. माझ्या मते या तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत.

शिकवण्याने त्यांचे काही बिघडले नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील शिक्षण आटोपून त्या व्हिक्टोरियाला परतल्या, घरच्या गोठ्याच्या माळ्यावर मुलांचे वर्ग घेऊ लागल्या आणि त्या कमाईतूनच इंग्लंडला जाण्यापुरते पैसे त्यांनी साठवले. पुढे व्हँकुव्हरमध्ये हौशी महिलांच्या एका मंडळाशी त्यांचे बिनसले (चुका तोंडावर सांगण्याची सवय अशा ठिकाणी महागात पडते), पण तिथेही मुलांचे वर्ग उत्तम चालले.

खरे नुकसान भाडेकरूंनी केले. फ्रान्सहून आणलेले तेजस्वी रंग आणि आदिवासी गावांतल्या कोरीव स्तंभांची चित्रे १९१३ मध्ये त्यांनी व्हँकुव्हरमध्ये मांडली, तेव्हा पाठबळ मिळाले नाही. त्यानंतर घर भाड्याने देणे, कुत्र्यांची पैदास, मातीची भांडी यांत सुमारे १५ वर्षे गेली आणि चित्रे जवळजवळ थांबली. १९२७ मध्ये ओटावाच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने चित्रकार लॉरेन हॅरिस भेटले, तेव्हा कुठे ब्रश पुन्हा हाती आला. तरीही ओढगस्तीने एक गोष्ट दिली : महाग कॅनव्हासऐवजी त्या स्वस्त मनिला कागद वापरू लागल्या आणि तैलरंगात पेट्रोल मिसळून ते पातळ करू लागल्या. असा रंग सरसर पसरतो आणि लवकर वाळतो, म्हणून त्या चित्रांतले आकाश एका दमात ओढलेले, हलते दिसते.

रेडिओचा भाग उशिराचा आहे. १९३७ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर जंगलातली भटकंती मंदावली आणि लेखन वाढले. १९४० मध्ये सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर त्यांच्या गोष्टी इतरांनी वाचून दाखवल्या. तिथले अधिकारी इरा डिलवर्थ पुढे त्यांचे संपादक झाले आणि १९४१ च्या ‘क्ली विक’ या पुस्तकाला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. शक्य तितके थेट मुद्द्यावर यावे आणि लहान शब्दाने भागत असेल तिथे मोठा वापरू नये, हे दोन नियम त्यांनी चित्रांवरूनच लेखनाला लावले होते. म्हणून माझी सूचना अशी, की आपण आधी १९३० च्या दशकातली कागदावरची चित्रे पाहावीत आणि मग त्या गोष्टी मोठ्याने वाचाव्यात.